मुगाला एकच भोक

१९७६ सालच्या जूनमध्ये आमच्या घरी बियाण्याचा डबा उघडला, तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आलो होतो. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला होता आणि वडील पाभर बाहेर काढत होते. डबा मीच उघडला, कारण तो आणण्याचा आग्रहही माझाच होता. आदल्या भाद्रपदात नवे मूग घरात आले, तेव्हा आजी नेहमीप्रमाणे बियाण्याच्या मुगात चाळलेली राख मिसळून ते मडक्यात भरायला निघाली होती. खायच्या मुगाला ती एरंडेलाचा हात फिरवून ठेवत असे. मी तिला अडवले. राख आणि एरंडेल हे जुने प्रकार झाले, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा आणला की किडा आत जाणार कुठून, असे माझे म्हणणे होते. खायच्या मुगाच्या बाबतीत तिने माझे ऐकले नाही. बियाण्याच्या बाबतीत वडिलांनी ऐकले, कारण मी प्राणिशास्त्र शिकत होतो.

झाकण काढले आणि आतून उबट, कुबट वास आला. वर मेलेल्या तपकिरी भुंगेऱ्यांचा थर होता, त्यात काही जिवंत वळवळत होते. खाली पिठूळ भुकटी आणि मुगांची पोकळ टरफले. वडील काही बोलले नाहीत. भावकीतून चार पायली मूग सवाईने आणले आणि पेरणी उरकली.

आजीने मात्र त्या डब्यातले मूठभर मूग सुपात घेतले आणि बराच वेळ बोटाने सारून पाहिले. मग मला म्हणाली, “हे बघ, मुगाला एकच भोक असतंय. चवळीला बघ, दोन-दोन, तीन-तीन. त्यालाबी हिशेब कळतोय.”

मी म्हणालो, “योगायोग आहे, आजी.”

त्या वर्षी माझ्या हातून दोन चुका झाल्या. एक डब्याची, दुसरी या शब्दाची. पहिली लगेच कळली. दुसरी कळायला पुढे पंधरा-वीस वर्षे आणि बरीच पुस्तके लागली. कीटकाची मादी अंडी कुठे घालते आणि किती घालते, हा प्रश्न माणसाने कसकसा सोडवत नेला, त्याची ही हकिकत आहे. ती सांगताना आजीचे सूप माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आईशिवाय किडा

मुळात किड्याला आई असते, हेच माणसाने फार उशिरा मान्य केले. आपल्याकडे जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार वर्ग केले गेले. त्यात डास, ऊ, ढेकूण, माशी यांची गणना स्वेदजांत होई, म्हणजे घामातून, उष्म्यातून निपजणारे जीव. युरोपातही ॲरिस्टॉटलपासून हीच समजूत होती. सडत्या मांसात अळ्या आपोआप होतात आणि धान्यात किडा धान्यातूनच होतो, असे मानले जाई. आजही आपण सहज म्हणतो, “मुगात किडे झाले.” कोणी घातले, हा प्रश्न त्या वाक्यात उरतच नाही.

इटलीतील फ्लॉरेन्स येथे मेदिची घराण्याच्या दरबारी वैद्य असलेल्या फ्रान्चेस्को रेडी याने १६६८ मध्ये या समजुतीला पहिला पक्का धक्का दिला. त्याने काही भांड्यांत मांस ठेवून ती उघडी ठेवली, काही बंद केली आणि काहींवर तलम जाळीदार कापड ताणून बांधले. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या, बंद भांड्यांत झाल्या नाहीत. कापडाच्या भांड्यांत हवा जात होती, वास बाहेर येत होता, माश्या घोंघावत होत्या, पण मांसात अळी झाली नाही. अळ्या मांसाच्या नव्हेत, माशीच्या, हे सिद्ध झाले.

परंतु हाच रेडी झाडांवरच्या गाठींपाशी अडखळला. पानावर, फांदीवर येणाऱ्या गाठी फोडल्या की आत अळी सापडते आणि बाहेर कुठेही भोक दिसत नाही. तेव्हा ही अळी झाडाच्याच जीवनशक्तीतून निर्माण होत असावी, असे त्याने मानले. पुढे १६७९ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी याने गाठींचा बारकाईने अभ्यास करून त्यांच्या मुळाशी कीटकाने घातलेले अंडे असते, हे दाखवले. मुगाचे कोडे अगदी असेच आहे. दाणा बाहेरून साबूत दिसतो आणि एक दिवस आतून किडा बाहेर पडतो. भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडे चिकटवते. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, त्यामुळे तिचे आत जाण्याचे भोक अंड्याच्या टरफलाखाली झाकलेले राहते. ते टरफल अळीने मागे सारलेल्या भुकटीने भरून पांढरे दिसू लागते. मुगावर जे पांढरे ठिपके दिसतात ते हेच.

माझ्या डब्याची चूकही इथेच होती. भुंगेरा घरात येऊन कोठारात शिरतो, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो शेतातच पिकत्या शेंगांवर अंडी घालतो आणि दाण्यांबरोबर घरात येतो. मी घट्ट झाकण लावले ते चोर आत असताना.

फाब्रच्या नळ्या

आई असते हे ठरले, तरी ती काही ठरवते का, हा पुढचा प्रश्न. त्याचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो फ्रान्समधील झां-आंरी फाब्र या शिक्षकाने. १८७९ ते १९०७ या काळात त्याच्या कीटकविषयक आठवणींचे दहा खंड प्रसिद्ध झाले. त्याने ऑस्मिया नावाच्या एकट्याने राहणाऱ्या मधमाश्या पाळल्या. ही माशी पोकळ बोरूत एकामागे एक मातीच्या खोल्या बांधते, प्रत्येक खोलीत परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि खोली लिंपून टाकते. फाब्रला दिसले की बोरूच्या आतल्या टोकाकडच्या खोल्या मोठ्या असतात, त्यांत अन्न जास्त असते आणि त्यांतून माद्या निघतात. दाराजवळच्या खोल्या लहान असतात आणि त्यांतून नर निघतात.

मग त्याने त्या माश्यांना वेगवेगळ्या रुंदीचे बोरू आणि काचेच्या नळ्या दिल्या. नळी अरुंद असेल तर त्यात नरांचे प्रमाण वाढले. जागा पाहून माशी अंड्याचे लिंग ठरवते, असा निष्कर्ष त्याने काढला. हे कसे शक्य होते, त्याचा धागा आधीच हाती आलेला होता. सायलेशियातील यान झेरझोन या मधमाश्या पाळणाऱ्या पाद्र्याने १८४५ मध्ये मांडले होते की राणीमाशीच्या फळलेल्या अंड्यातून मादी होते आणि न फळलेल्या अंड्यातून नर. मादीजवळ नराचे वीर्य पिशवीत साठवलेले असते. अंडे बाहेर सोडताना तिने ते वीर्य लावले तर मुलगी, न लावले तर मुलगा.

फाब्रचा भर सहजप्रेरणेवर होता. कीटकाला दिलेला एक ठरीव पाठ असतो आणि तो न समजताच त्याबरहुकूम वागतो, असे तो मानत असे. उत्क्रांतीची कल्पना त्याला शेवटपर्यंत पटली नाही. पण त्याच्याच नळ्यांनी दाखवून दिले होते की पाठ ठरीव असला तरी त्यात ‘जागा एवढी असेल तर असे, तेवढी असेल तर तसे’ अशी कलमे असतात. विसाव्या शतकातील संशोधन या कलमांचेच आहे.

पायाला चव, पावलाला माप

पहिले कलम ‘कुठे’ याचे. ॲमस्टरडॅमच्या एदुआर्ड व्हर्शाफेल्ट याने १९१० मध्ये कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्यांवर प्रयोग केले. कोबी, मोहरी, मुळा यांच्या कुळात एक तिखट द्रव्य असते. एरवी अळ्या ज्या पानांना तोंड लावत नाहीत, ती पाने या द्रव्याने माखली तर त्या खाऊ लागतात, असे त्याला आढळले. अळीसाठी ते पान अन्न आहे की नाही, हे ठरवणारी खूण एका रसायनात होती. पुढे मादी फुलपाखरूही अंडी घालताना तीच खूण शोधते, हे स्पष्ट झाले. १९२१ मध्ये ड्वाइट मिनिच या अमेरिकन संशोधकाने फुलपाखराच्या पायांना चव कळते, हे प्रयोगाने दाखवले.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. अंगणातल्या लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या झाडाशी सकाळी उभे राहावे. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे लिंबाचे फुलपाखरू पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पानावर भरभर टकटक करते, उडते, दुसऱ्या पानावर बसते. मध्येच पोटाचे टोक वाकवून एक मोत्यासारखे अंडे चिकटवते. ती टकटक म्हणजे पान चाखणे आहे.

‘किती’ या कलमाचा इतिहास केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट यांच्यापासून सांगायला हवा. त्यांचा कीटक म्हणजे ट्रायकोग्रामा. हे नाव आपल्याकडच्या ऊस-उत्पादक शेतकऱ्याला परके नाही. खोडकिड्याच्या बंदोबस्तासाठी उसाच्या पानाला जे ट्रायकोकार्ड टाचतात, त्यावर तांदळाच्या पतंगाची सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांच्या आत ट्रायकोग्रामाची पिल्ले वाढत असतात. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ही गांधीलमाशीच्या गणातली मादी दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात आपली अंडी घालते. तिच्या पिल्लांना जन्मभराची शिदोरी म्हणजे ते एक अंडे. ते लहान असेल आणि त्यात अंडी जास्त पडली, तर पिल्ले खुरटतात किंवा मरतात.

सॉल्ट यांनी १९३४ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत दाखवले की ही मादी आधीच कोणी अंडी घालून गेलेले अंडे ओळखते आणि सोडून देते. ओळखते कशावरून? आधीची मादी अंड्यावर चालून गेलेली असते आणि तिच्या पावलांचा वास मागे राहतो. सॉल्ट यांनी अशी अंडी पाण्याने धुतली, तेव्हा पुढची मादी फसली आणि त्यांवर चढून भोक पाडू लागली. पण नळी आत घातल्यावर तिला आतला बदल कळला आणि तिने अंडे न घालताच नळी काढून घेतली. म्हणजे दोन चौक्या होत्या, एक दाराशी आणि एक घरात.

मोकळे अंडे मिळाले, तर त्यात किती घालायची? याचे उत्तर १९८०च्या दशकात टोरांटो विद्यापीठातील श्मिट आणि स्मिथ यांनी दिले. ही मादी सापडलेल्या अंड्यावर चढते आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पहिली फेरी मारते. त्या पहिल्या फेरीला जितका वेळ लागतो, त्यावरून ती अंड्याचे आकारमान ठरवते आणि त्या मानाने कमी-जास्त अंडी घालते. संशोधकांनी वाटेत अडथळा ठेवून ती फेरी मध्येच तोडली, तेव्हा तिने अंडी कमी घातली. हा निबंध १९८७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. शेत किती मोठे हे बांधावरून चालत जाऊन सांगणारा जुना शेतकरी मला हे वाचताना आठवला. तिला क्षेत्रफळ कळत नाही. तिला चालणे आणि वेळ कळतो, आणि तिच्या कामाला तेवढे पुरते.

पक्ष्यांचा हिशेब किड्यांना

हे सगळे ‘कसे’ झाले. ‘का’ याचा हिशेब पक्ष्यांच्या अभ्यासातून आला. ऑक्सफर्डचे डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये विचारले की पक्षी एका विणीत चारच अंडी का घालतो, आठ का नाही? त्यांचे उत्तर असे की जितक्या अंड्यांतून सर्वांत जास्त पिल्ले जगून निघतील, तितकी अंडी निसर्गनिवडीत टिकतात. जास्त घातली तर सगळीच उपाशी राहतात.

हा विचार कीटकांना लावताना एक दुरुस्ती करावी लागली. १९८४ मध्ये चार्नोव्ह आणि स्किनर यांनी ती परोपजीवी कीटकांसाठी नीट मांडली. केवळ समजण्यासाठी काही आकडे घेऊ. समजा, एका दाण्यात एकच अळी असेल तर ती जगण्याची शक्यता शंभरात ९०. दोन असतील तर प्रत्येकीची ७०, तीन असतील तर प्रत्येकीची ४०. शंभर दाण्यांचा हिशेब केला तर एकेक अंडे घालून ९० किडे निघतील, दोन-दोन घालून १४०, तीन-तीन घालून १२०. लॅक यांच्या नियमाने दाण्यामागे दोन अंडी योग्य. पण मादीच्या बाजूने पाहा. तिच्याजवळ शंभरच अंडी आहेत आणि दाणे मात्र ढीगभर आहेत. एकेक घातले तर शंभर अंड्यांतून ९० किडे, दोन-दोन घातली तर ७०. दाणे मुबलक असतील तर एकेक घालून पुढे जाणे फायद्याचे. दाणे कमी असतील किंवा दुसरा दाणा शोधण्यात आयुष्य संपणार असेल, तर दोन-दोन. म्हणून एकच मादी आज एक आणि उद्या दोन अंडी घालू शकते, आणि दोन्ही वेळा ती बरोबर असू शकते.

पुन्हा मुगाकडे

तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवू लागल्यावर मी विद्यार्थ्यांसाठी एक सोपे प्रात्यक्षिक शोधत होतो. काचेच्या बशीत मूग, त्यात दोन-चार भुंगेरे, दोन दिवसांनी भिंगाखाली अंडी मोजायची, एवढेच. खर्च काही नाही आणि किडे हवे तितके. अंडी मोजलेल्या वह्या तपासताना मला आजीचे सूप आठवले आणि अंगावर काटा आला. कोरे दाणे जवळजवळ नव्हते आणि तीन-चार अंड्यांचे दाणेही विरळा होते.

योगायोगाचेही गणित असते, आणि मी १९७६ मध्ये ते शिकलेलो होतो. शंभर मूग पसरून त्यांवर डोळे मिटून शंभर अंडी टाकली, तर सुमारे ३७ मूग कोरे राहतील, ३७ मुगांवर एकेक अंडे पडेल, १८ वर दोन-दोन, ६ वर तीन-तीन आणि उरलेल्या दोनांवर चार किंवा जास्त. वहीतले आकडे याच्या जवळपासही नव्हते. आजीला ‘योगायोग’ म्हणण्याआधी मी हा हिशेब करून पाहायला हवा होता. ज्ञान माझ्याजवळ होते, निरीक्षण तिच्याजवळ होते, आणि मी ज्ञानाचा उपयोग निरीक्षण झटकून टाकण्यासाठी केला.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने खंड चाळल्यावर कळले की हे काम माझ्या जन्माआधीच सुरू झाले होते. क्योटो विद्यापीठातील शुन्रो उचिदा यांनी १९४१ पासून जपानी लाल चवळीवरच्या भुंगेऱ्यांवर मोठी लेखमाला प्रसिद्ध केली. दाण्यांवर अंडी योगायोगापेक्षा अधिक सारखी वाटली जातात, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. हा भुंगेरा कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस. लिनीयसने त्याची नोंद १७५८ मध्ये केली होती. त्याचा चुलतभाऊ कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस याचे वर्णन फॅब्रिसियसने १७७५ मध्ये केले. आपल्या घरातल्या मूग, मटकी, चवळी, तूर, हरभऱ्यावर हे दोघेही आढळतात.

१९७३ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञांनी चायनेन्सिस दाण्यावर मागे ठेवतो ती खूण वेगळी काढली. ती स्निग्धाम्ले, हायड्रोकार्बने अशा तेलकट, मेणकट पदार्थांची होती. दाण्यावर किडे जितके जास्त वावरलेले, तितकी खूण गडद आणि पुढची मादी तितकी नाखूश. १९७५ मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉजर मिचेल यांनी मॅक्युलॅटसच्या मादीविषयी एक मार्मिक गोष्ट मांडली. ती सगळे दाणे पाहून सर्वांत चांगला निवडत नाही. समोरचा दाणा ती नुकत्याच सोडलेल्या दाण्याशी ताडून पाहते. त्यापेक्षा यावर अंडी कमी असतील किंवा हा मोठा असेल, तर इथे घालते, नाहीतर पुढे जाते. भाजीबाजारात आपण तरी काय करतो? मेसिना आणि रेनविक यांनी १९८५ मध्ये दाखवले की मादीला केवळ अंडे आहे की नाही एवढेच नाही, तर कोणत्या दाण्यावर कमी आणि कोणत्यावर जास्त, हेही कळते.

आणि मग माझ्या वाचनात तिरुनेलवेली हे नाव आले. मिचेल यांनी तमिळनाडूतील तिरुनेलवेली येथून मूग-उडदावरचे मॅक्युलॅटस गोळा केले होते. हे ‘दक्षिण भारतीय’ घराणे जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले. त्याचे वैशिष्ट्य असे की एका दाण्यात कितीही अळ्या शिरल्या तरी बहुधा एकच भुंगेरा बाहेर येतो. १९८७ मध्ये मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्यामागचे एक कारण दाखवले. आतल्या मोठ्या अळीच्या कुरतडण्याची थरथर लहान अळीला कळते आणि ती तिथेच थांबते. अशा घराण्यात दुसरे अंडे जवळपास वाया जाते, म्हणून तिथल्या माद्या एकेका दाण्यावर एकेक अंडे घालण्यात फार काटेकोर असतात. ब्राझीलमधून आणलेले एक घराणे याच्या उलट आहे. त्याच्या अळ्या चवळीच्या मोठ्या दाण्यात वाटणी करून राहतात, एका दाण्यातून अनेक भुंगेरे निघतात आणि माद्याही तितक्या काटेकोर नसतात. १९८५ मध्ये स्मिथ आणि लेसेल्स यांनी याची सांगड दाण्याच्या आकाराशी घातली. पिढ्यान्‌पिढ्या लहान दाण्यात वाढलेल्यांत एकमेकांना संपवण्याची रीत टिकते, मोठ्या दाण्यात वाढलेल्यांत निभावून घेण्याची.

विशेष म्हणजे तिरुनेलवेलीचे घराणे मोठ्या चवळीत घातले, तरी सुरुवातीला दाण्यातून बहुधा एकच किडा निघतो. अन्न पुरेसे असले तरी रीत सुटत नाही. यावरून आजीच्या चवळीतले भुंगेरे दुसऱ्या रीतीचे असावेत, असे वाटते. यूटा स्टेट विद्यापीठात फ्रँक मेसिना यांनी हे मुगावरचे घराणे चवळीवर सुमारे ४० पिढ्या वाढवले आणि मग पुन्हा पाहिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माद्यांचा काटेकोरपणा कमी झालेला दिसला. भुंगेऱ्याची पिढी महिन्याभराची असते, म्हणजे काही वर्षांत कलम बदलले. ‘हिशेब’ मादीच्या डोक्यात जितका असतो, तितकाच तिच्या वंशाच्या इतिहासात असतो. ती विचार करते असे म्हणायचे कारण नाही. पण ती आंधळेपणाने अंडी टाकते, असेही म्हणता येत नाही. ‘ठरवते’ हा शब्द मी इतका वेळ वापरला तो या मधल्या अर्थाने.

एरंडेलाचा हात

राहिले एरंडेल. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेत १९७८ मध्ये चवळीला भुईमुगाचे तेल चोळून भुंगेरा रोखता येतो, हे प्रयोगाने दाखवण्यात आले. किलोला काही मिलिलिटर तेल पुरते. पण का? १९९२ मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातील पीटर क्रेडलंड यांनी या अंड्याची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्याचे उत्तर सुचवले. अंडे दाण्याला घट्ट चिकटलेले असते आणि त्याच्या एका टोकाशी नसराळ्यासारखी बारीक वाट असते. हवेची ये-जा तिथून होते. तेलाने ती वाट बुजते आणि आतला जीव गुदमरतो. शिवाय तेल लावलेल्या दाण्यांवर माद्या अंडीही कमी घालतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

राखेचे काम वेगळे. ती दाण्यांमधल्या फटी भरून टाकते, त्यामुळे बाहेर पडलेल्या भुंगेऱ्याला जोडीदार आणि नवा दाणा शोधत हिंडता येत नाही. तिचे कण अंगाला घासून त्याच्या शरीरातले पाणीही उडते. माझा डबा शेतातून आलेल्या अंड्यांना आत कोंडून मोकळी जागा देत होता. तिची राख तीच जागा काढून घेत होती. आजीला हवेची वाट माहीत नव्हती, वासाची खूण माहीत नव्हती. पण किडा कुठे असतो, त्याला काय लागते आणि दाण्याला किती भोके पडतात, एवढे तिने पाहिलेले होते. त्यावर तिचे घर चालत होते.

क्रेडलंड यांचा निबंध माझ्या हाती आला तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिला सांगायचे राहून गेले. सांगितले असते तर ती फारशी चकित झाली नसती, असे मला वाटते.

त्या १९७६ च्या भाद्रपदात उसनवारी फिटली. चार पायलीचे सवाईने पाच पायली मूग भावकीकडे पोहोचवायचे होते. पोते बांधण्याआधी आजीने ते ओसरीवर ओतायला लावले. चुलीतली राख तिने आधीच चाळून ठेवली होती. मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी ती मुगात कालवू लागलो. या वेळी मी काही बोललो नाही.